धुळाबापूचे चुकलेले डोस

माणूस किती शहाणा असला म्हणजे स्वतःचं वाटोळं करून घेतो, हे मला धुळाबापूने शिकवलं. ज्याला काही कळत नाही त्याला चार गोष्टी सांगता येतात. ज्याला आपल्या धंद्यातलं सगळं कळतं त्याला सांगायला गेलं की आपलंच डोकं फुटतं. मी एसटीच्या डेपोत एकतीस वर्षं मेकॅनिक होतो. भलभलती इंजिनं ताळ्यावर आणली. हा माणूस काही ताळ्यावर येईना.

आमची ओळख कॅन्सरच्या वॉर्डातली. सोलापुरातल्या एका दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर लांबट खोली आहे. तिथे आरामखुर्च्या मांडल्यात आणि आमच्यासारखे लोक दर पंधरा दिवसांनी येऊन दिवसभर हाताला सलाईन लावून बसतात. खिडकीजवळची खुर्ची माझी. कुणी लिहून दिलं नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं. एका बुधवारी गेलो तर तिथे लाल पटक्याचा, पांढऱ्या मिशांचा एक माणूस घोंगडी अंथरून ऐसपैस बसलेला.

"ही माझी जागा आहे," मी म्हणालो.

"आसंल की," तो म्हणाला, "पन मी आदी आलोय." मग माझ्या तोंडाकडे बघितलं आणि उठला. "बसा. लई वाळलाय तुमी. हितं गारवा बी लई सोडत्यात, ही घोंगडी घ्या."

जागाही दिली आणि वर घोंगडीही दिली, त्यामुळे भांडायची सोय राहिली नाही. तो शेजारच्या खुर्चीत बसला. त्या दिवसापासून दर दुसऱ्या बुधवारी आम्ही शेजारी शेजारी.

धुळाबापू सांगोल्याच्या पलीकडच्या एका वाडीतला धनगर. वय विचारलं तर "मोट्या दुष्काळात मी कोकरं वळत व्हतो" म्हणायचा, म्हणजे साठीचा असावा. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. पावसाळा सरला की मेंढरं, कुत्री, घोड्यावर बिऱ्हाड आणि बायको गोजाबाई असा सगळा संसार घेऊन बाहेर पडायचं. लोकांच्या रानात मेंढरं बसवायची, त्या खताच्या बदल्यात धान्य घ्यायचं आणि मिरगाला परत यायचं. चाळीस वर्षं त्याने हेच केलं. शंभराच्या कळपात एक मेंढी कमी असली तर त्याला न मोजता कळायचं. कसं काय, म्हणून मी विचारलं.

"घरात बायकू न्हाय, हे तुमाला मोजून कळतं व्हय?" तो म्हणाला.

दुखणं आमचं दोघांचं एकच. मोठ्या आतड्याचा कॅन्सर, लिव्हरपर्यंत पोचलेला. दोघांनीही रक्त पडतंय म्हणून दोन वर्षं मूळव्याधीची औषधं खाल्ली होती. मी तर शिकलेला, रोज पेपर वाचणारा. त्यामुळे ह्या बाबतीत मला त्याला नावं ठेवायला तोंड नाही.

ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीचे तुकडे मेणात बसवून ठेवलेले असतात. आमच्या मॅडमनी, म्हणजे डॉक्टरीणबाईंनी, आम्हा दोघांचेही तुकडे एकाच आठवड्यात तपासणीला बाहेरगावी पाठवले. एक नवं औषध द्यायचं की नाही ते त्यावर ठरणार होतं. गाठीच्या पेशीवर एक जागा असते, तिथून तिला वाढायचा हुकूम मिळतो. हे औषध नेमकं त्या जागेवर जाऊन बसतं आणि हुकूम अडवतं. पण पेशीच्या आत एक ठरावीक बिघाड असेल, तर औषध देऊन काडीचा उपयोग नाही. प्रतिक्षा सिस्टरने आम्हाला माहितीचा एकेक मराठी कागद दिला. त्यावर औषधाला प्रतिपिंड म्हटलं होतं. वॉर्डात सगळे त्याला टार्गेटचं सलाईन म्हणायचे. मी तो कागद इतक्या वेळा वाचला की पाठ झाला. धुळाबापूने आपला कागद चार घड्या करून मुलाकडे, जोतिरामकडे दिला. जोतिराम पिकअप चालवतो. त्याने तो दवाखान्याच्या पिशवीत टाकला आणि पुन्हा बाहेर काढला नाही.

तीन आठवड्यांनी निकाल आला. धुळाबापूचा चांगला. माझा वाईट.

जुन्या गाड्यांना इंजिन बंद करायला स्टॉपर असायचा. ड्रायव्हरने केबिनमधली मूठ ओढली की केबल ताणली जाऊन डिझेलचा पंप बंद व्हायचा. मधेच केबल तुटलेली असली तर मूठ कितीही ओढा, इंजिन आपलं चालूच. माझ्या गाठीची केबल तुटलेली होती. मी मॅडमना असं म्हणालो तर त्या म्हणाल्या, "काका, अगदी बरोबर समजलंय तुम्हाला." बरोबर समजल्याचा इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता.

मी धुळाबापूवर जळलो. खोटं कशाला बोला? मी कागद पाठ केला आणि औषध मिळालं ह्याला, ज्याला कागद वरून धरायचा की खालून हेही ठाऊक नाही. माझं जुनंच सलाईन चालू राहिलं. त्या सलाईनचा एक त्रास म्हणजे पुढचे पाच-सहा दिवस गार काही सोसत नाही. गार तांब्याला हात लावला की बोटांत सुया टोचतात, गार पाणी प्यायलं तर घसा आवळून येतो. एकदा मी चुकून माठातल्या पाण्याचा पेला धरला आणि हातातून टाकला. धुळाबापू बघत होता.

"गार पानी चावतंय व्हय तुमाला?" त्याने विचारलं. त्याच्या सलाईनला तसला त्रास नव्हता. मी नुसती मान हलवली.

जेवायला मात्र आम्ही एकत्र. पहिल्याच दिवशी माझ्या बायकोने, मीनाने, डबा उघडला आणि त्याला सरळ विचारलं, "आमी बौद्ध हाव. चालतंय का आमच्या घरचं?"

"भूक लागल्यावर शेंगाच्या चटनीला जात कोन इचारतंय?" तो म्हणाला. "वाडा की हिकडं."

तेव्हापासून मीना डब्यात त्याच्यासाठी दोन भाकरी जास्त घालू लागली. चटणी तिखट झाली म्हणून तो तक्रारही करायचा, घरच्यासारखी.

प्रतिक्षा सिस्टर गोड मुलगी, पण वॉर्डात तिचा हवालदारासारखा धाक. दर खेपेला ती दारात उभी राहून सगळ्यांना एकच गोष्ट सांगायची. "सर्दी, खोकला, ताप, काही लागट असलं तर वॉर्डात पाय ठेवायचा नाही. इथल्या पेशंटच्या पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात. साधी सर्दीसुद्धा जिवावर बेतते." बाकीचे लोक मोबाईलमध्ये बघत बसायचे. धुळाबापू एकटा मान डोलवायचा. "कळपाचं बी तसंच हाय," म्हणायचा.

टार्गेटच्या सलाईनचे दोन डोस झाले. दुसऱ्याला आला तेव्हा त्याच्या नाकावर चार-दोन पुटकुळ्या होत्या. उन्हाने, म्हणाला. चैत्र सरत आलेला, सोलापूर तव्यासारखं तापलेलं, मलाही ते खरं वाटलं. पुढच्या खेपेच्या बुधवारी त्याची खुर्ची रिकामी.

मी दहा वाजता फोन केला. बंद. अकराला केला. बंद. जोतिरामला लावला तर तो कुठल्याशा घाटात, पाठीमागे हॉर्न. "आबा येत न्हाय म्हनत्यात, काका."

"का?"

"काय सांगू? मी भाड्याव हाय, मागनं बोलतो." फोन ठेवला. मागनं काही तो बोलला नाही.

मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या, "एखादा डोस चुकला तर सांभाळून घेता येईल. लागोपाठ चुकायला लागले तर गाठीला मोकळं रान मिळतं." सिस्टरने तीनदा फोन केला. तिला एकदा गोजाबाई मिळाली. "त्यास्नी बरं न्हाय, बाई, यायजोगं न्हाय," एवढं बोलून तिने फोन ठेवून दिला. गुरुवार गेला, शुक्रवार गेला. मला झोप येईना. जे औषध मला मिळावं म्हणून मी कुणाच्याही पाया पडलो असतो, ते इथे फ्रीजमध्ये पडलंय, आणि हा बाबा तिकडे मेंढ्यांत बसलाय! शनिवारी मी मीनाला म्हणालो, उद्या मी सांगोल्याला जातो.

"स्वतःला धड उभं राहवत न्हाई आन धनगर हुडकाय निघालाय," ती म्हणाली. अर्धा तास बोलली. मग रुमाल, गोळ्या आणि गरम पाण्याचा थर्मास पिशवीत भरला.

माझ्याकडे निवृत्तांचा पास आहे, त्यामुळे एसटीला मी जावईच. सांगोल्यापर्यंत बस, पुढे वडाप जीप, आणि शेवटचा दीड किलोमीटर पायी. थर्मास जीपमध्येच विसरला. सलाईन घेऊन चौथा दिवस, पायांत मुंग्या आणि वर बारा वाजताचं ऊन. दर दहा पावलांना मी धुळाबापूला एक शिवी दिली.

त्याचं घर दोन खोल्यांचं, पत्र्याचं. पुढे मेंढरं कोंडायची जाळी, ती रिकामी, कारण कळप चरायला गेलेला. मी अंगणात पाय टाकला तशी गोजाबाई बाहेर आली. मला बघून तिचा चेहरा पडला. "तितंच थांबा, दादा," ती म्हणाली. "फुडं येऊ नगा."

मला वाटलं कुत्रं असेल. मी थांबलो. ती आत गेली आणि बऱ्याच वेळाने तांब्या घेऊन आली. माझ्यापासून पाच-सहा पावलांवर तिने तो जमिनीवर ठेवला. ठेवला आणि मागे सरली, पार उंबऱ्यापर्यंत.

माझा बाप बार्शीकडच्या एका खेड्यात वाढला. त्याला पाणी असंच मिळायचं, लांबून. ते सोडून तो सोलापुरात आला, गिरणीत लागला, आणि आम्हाला शिकवताना एकच सांगून गेला, जिथे पाणी हातात देत नाहीत तिथे थांबायचं नाही. हे सगळं त्या तांब्याकडे बघताना मला आठवलं आणि माझं टाळकं सटकलं.

"वहिनी, हे काय?" मी ओरडलो. "वॉर्डात माझ्या बायकोच्या हातची भाकरी गोड लागते, आणि गावात आल्यावर जात आठवते होय? एवढ्या उन्हात मी तुमच्या नवऱ्याचा जीव वाचवायला आलो, आणि तुम्ही मला लांबून पाणी ठेवता? कुठाय तो? त्याला बाहेर बोलवा! माझ्या तोंडावर सांगू दे त्याला!"

गोजाबाईने तोंडाला पदर लावला आणि रडायलाच लागली. मी तांब्याला शिवलोही नाही. जायला वळलो तेवढ्यात घरामागून आवाज आला.

"मेस्त्री! आवो मेस्त्री!"

घरामागे पन्नास पावलांवर लिंबाचं झाड होतं. त्याच्याखाली काट्याकुपाटीचं कुंपण करून एक खोपट घातलं होतं, आणि कुंपणाच्या आत धुळाबापू उभा होता. मी तरातरा तिकडे निघालो तसा तो मागे सरायला लागला. "लांबनंच बोला! जवळ येऊ नगा, तुमच्या पाया पडतो!"

मी कुंपणाशी पोचलो आणि त्याचं तोंड पाहिलं. कपाळ, नाक, गाल, हनुवटी, छातीपर्यंत सगळं लाल पुरळाने भरलेलं. काही फोडांवर पिवळी टोकं, काही सुकून खपल्या धरलेली. डोळे तेवढे ओळखीचे होते.

"देवी हाय," तो म्हणाला. "मेंढराला उटती तसली. मी वळकतो की. अदुगर तोंडाव, मग छातीव. कळपात उटली की पयलं ते जनावर भाईर काडायचं, त्याचं पानी येगळं, वैरन येगळी, आन त्येच्या मानसानं दुसऱ्या जनावराला हात लावायचा न्हाय. ही गोजी माजं समदं करती, म्हनून तिनं बी तुमच्या हातात पानी दिलं न्हाय. मीच सांगितलं व्हतं, कोन बी आलं तरी लांब ठेव."

"मग वॉर्डात का नाही आलास? तिथे डॉक्टर आहेत ना!"

तो माझ्याकडे असा बघायला लागला की मीच वेडा आहे. "सिस्टर काय म्हनती दर टायमाला? लागट आसलं तर पाय ठिवायचा न्हाय. तुमच्या अंगात त्या पांढऱ्या पेशी न्हाईत. साद्या सर्दीनं मानूस जातंय म्हनती, आन मी देवी घिऊन तुमच्या शेजारी येऊन बसू? माजं काय, आज हाय उद्या न्हाय. पर तुमाला दिली आस्ती तर मीनावैनीला कुटल्या तोंडानं बोललो आस्तो?"

आख्ख्या वॉर्डात सिस्टरचं ऐकणारा हा एकच माणूस, आणि त्याने ऐकलं ते असं.

घसा कोरडा पडला होता. मी परत अंगणात गेलो आणि तो तांब्या उचलला. बोटांत सुया टोचतील म्हणून रुमाल काढत होतो, पण लागला नाही. पाणी कोमट होतं. बाहेर माणसं माठ शोधत फिरत होती आणि ह्या बाईने चूल पेटवून माझ्यासाठी पाणी ऊन केलं होतं.

"त्यांनीच खोपटातनं सांगितलं," गोजाबाई उंबऱ्यावरून म्हणाली. "मेस्त्रीला गार पानी चावतंय, म्हनले."

मी ते सगळं पाणी उभ्या उभ्या प्यायलो. मला माझी लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून आणखी राग आला. बापूचा, सिस्टरचा, पिशवीतल्या त्या कागदाचा, पिकअपचा, सगळ्यांचाच.

माझा कागद मी बरोबर आणला होता. कुंपणाशी उभं राहून मी त्याला मोठ्याने वाचून दाखवला. औषध सुरू झाल्यावर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत चेहरा, छाती आणि पाठीवर पुरळ येऊ शकतं. ते संसर्गजन्य नाही. डॉक्टरांना कळवा, मलम आणि गोळ्यांनी आटोक्यात येतं. मनाने औषध बंद करू नका. ऊन टाळा. ऊन टाळा म्हणे! कागद छापणाऱ्याने मेंढपाळ पाहिला नसावा.

"हे औषधाचं आहे, बापू. देवी नाही. माझं नशीब असतं तर माझ्याही तोंडावर हेच आलं असतं."

"मेस्त्री, तुमाला इंजिनातलं कळतंय. देवी मी चाळीस वर्सं बगतोय."

मी मॅडमना फोन लावला. तो फोन हातात घेईना, म्हणून स्पीकर लावून दगडावर ठेवला आणि चार पावलं मागे झालो. मॅडमनी दहा मिनिटं समजावलं. पुरळ ह्या औषधाचंच आहे, कुणालाही लागत नाही, उलट ज्यांना हे पुरळ उठतं त्यांच्यावर औषध बऱ्याचदा चांगलं काम करताना दिसतं, हेही सांगितलं. धुळाबापूने हात जोडून सगळं ऐकलं. "व्हय मॅडम, व्हय मॅडम," म्हणाला. फोन बंद झाल्यावर मला म्हणाला, "बाई हुशार हाय. पन तिनं माजं त्वांड कुटं बगितलंय?"

झालं! माझा संयम संपला. मी कुंपणाचा काटेरी झाप बाजूला सारला आणि आत घुसलो. तो पळायला लागला. लिंबाच्या झाडाभोवती तो पुढे, मी मागे. दोघांचीही पोटं फाडून शिवलेली, दोघांनाही दम लागलेला, आणि गोजाबाई अंगणातून ओरडतेय. शेवटी त्याचा पाय अडकला आणि तो बुंध्याला टेकला. मी त्याचं तोंड दोन्ही हातांनी धरलं. गालांवर तळवे दाबून धरले. ते पुरळ गरम आणि खरखरीत लागत होतं.

"लागू दे," मी म्हणालो. "बघू कशी लागते ती."

त्याचा चेहरा रडवेला झाला. "काय केलंसा हे, मेस्त्री," तो म्हणाला. "आता तुमी मेलासा."

एवढ्यावर माणूस गप पिशवी भरून निघेल की नाही? नाही. त्याचं शास्त्र तयार होतं. मेंढराला लागण झाली तर पंधरा दिवसांत अंगावर दिसते. मला पंधरा दिवसांत काही उठलं नाही, तर ते देवीचं नाही हे तो मानेल आणि सोलापूरला येईल. तोवर खोपटातून हलणार नाही. मी सांगितलं की पुढचा डोस दहा दिवसांवर आहे, तोही बुडेल. तो म्हणाला, बुडू दे. मी हात जोडले, शिव्या दिल्या. शेवटच्या जीपची वेळ झाली तेव्हा निघालो. इतका वैताग मला माझ्या स्वतःच्या रिपोर्टनेही आला नव्हता.

पुढचे पंधरा दिवस रोज संध्याकाळी जोतिरामचा फोन. "काका, आबा इचारत्यात, काय उटलं का?"

"नाही."

"कानामागं बगितलं का म्हनत्यात. आन काखंत. तितं पयलं दिसतंय म्हनत्यात."

नुसतं नाही म्हणून भागायचं नाही. मीना चष्मा लावून माझे कान तपासायची आणि मग फोन घेऊन स्वतः सांगायची, तेव्हा तिकडे समाधान व्हायचं. एकदा उन्हाने पाठीवर घामोळं आलं. ते मी कुणाला सांगितलं नाही. मीनालाही दम दिला. बुधवार आला, माझं सलाईन झालं, शेजारची खुर्ची रिकामीच राहिली. चुकलेला दुसरा डोस. प्रतिक्षा सिस्टर मला सलाईन लावताना त्या खुर्चीकडे बघत होती. तिलाही आता माहीत होतं की तिचा नियम कुणी पाळला होता.

पंधराव्या दिवशी, सोमवारी, मी मुद्दाम दवाखान्यात जाऊन बसलो. दहाच्या सुमाराला लाल पटका जिन्यावर दिसला. पुरळ बरंच सुकलं होतं. औषध बंद पडलं की ते सुकणारच. वॉर्डाच्या दाराबाहेरच त्याने मला थांबवलं. दिवसाउजेडी, सगळ्या लोकांसमोर त्याने माझे कान मुडपून मागे बघितलं, शर्ट वर करायला लावला, काखा बघितल्या, पापणी ओढून डोळाही बघितला. बाजाराच्या दिवशी जनावर घेताना बघतात तसं.

"न्हाय," तो शेवटी म्हणाला. "देवी न्हाय."

"मग मी काय सांगत होतो?"

"तुमी सांगत व्हता. आता मी बगितलं," तो म्हणाला आणि आत जाऊन आपल्या खुर्चीत बसला.

आधीच्या डोसनंतर तेहेतीस दिवसांनी त्याच्या हाताला पुन्हा टार्गेटचं सलाईन लागलं. सोबत मलम आणि गोळ्या मिळाल्या. सिस्टरने ह्या वेळी कागद जोतिरामच्या हातात दिला नाही. धुळाबापूसमोर स्टूल घेऊन बसली आणि स्वतः वाचून दाखवला. दोन आठवड्यांत त्याच्या नाकावर पुन्हा लाली चढली. आता दर खेपेला मीच आधी त्याच्या तोंडाकडे बघायचो. पुरळ दिसलं की मला हायसं वाटायचं, आणि लगेच मनात यायचं, की ह्यातलं माझ्या अंगावर काहीच नाही.

दोन महिन्यांनी आम्हा दोघांचं सीटी स्कॅन एकाच दिवशी झालं. मॅडमनी आधी त्याला बोलावलं. तो बाहेर आला तेव्हा जोतिराम हसत होता. लिव्हरमधल्या गाठी लहान झाल्या होत्या. मधले दोन डोस चुकले नसते तर आणखी झाल्या असत्या का, हे मॅडमनी सांगितलं नाही. मी विचारणार होतो, पण विचारून कुणाला काय मिळणार होतं? मग मी आत गेलो. माझ्या गाठी वाढल्या होत्या, आणि एक नवी दिसत होती. मॅडम दुसऱ्या औषधाबद्दल काहीतरी सांगत होत्या. त्या बोलत होत्या ते मला कळत होतं, पण आत शिरत नव्हतं.

बाहेर येऊन बाकावर बसलो. मीना औषधं आणायला खाली गेली होती. धुळाबापू शेजारी येऊन बसला. त्याने काही विचारलं नाही. कळपातलं एक कमी झालेलं त्याला न मोजता कळतं, तसंच हेही कळलं असणार. मला त्याचा आनंद झाला होता आणि त्याचा हेवाही वाटत होता, आणि दोन्ही एकदम वाटतंय ह्याचीच जास्त चीड येत होती.

"त्या बाई म्हनल्या व्हत्या," तो म्हणाला, "हे ज्येच्या अंगाव उटतं त्येला गुन येतो."

"हो."

"मग त्या दिशी लिंबाखाली तुमी मला धरलं, तवा लागाय पायजे व्हतं की तुमाला."

"ते तसं लागत नसतं, बापू."

"ठाव हाय," तो म्हणाला. आणि त्याने माझा हात घेतला, आपल्या त्या खरखरीत गालावर ठेवला आणि दाबून धरला. आतून सिस्टरने माझं नाव पुकारलं. तिने दुसऱ्यांदा पुकारलं तरी त्याने हात सोडला नाही.